पाखरू आणि चौकट

ज्या वस्तू आपल्या नित्य दृष्टीस पडतात त्यांनाही इतिहास असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर किंवा मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर रानपाखराचे एखादे छायाचित्र असते. बारीक डहाळीवर शिंजीर बसलेला आहे. त्याच्या डोळ्यात प्रकाशाचा एक ठिपका चमकत आहे. तो ज्या बाजूस पाहतो त्या बाजूस बरीचशी जागा मोकळी सोडली आहे. आणि पाठीमागे पाने, फांद्या, आकाश यांपैकी काहीही ओळखू न येता केवळ एक मऊ हिरवा रंग पसरलेला आहे. हे चित्र पाहून आपण संतोष पावतो आणि पान उलटतो. पाखरू असेच दिसते, आणि त्याचे चित्र असेच असावयाचे, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु ही मांडणी फार प्राचीन नाही. ती सिद्ध होण्यास पाऊणशे-शंभर वर्षे लागली, आणि तेवढ्या अवधीत माणसाने पाखराशी जे निरनिराळे व्यवहार केले, त्या सर्वांच्या खुणा तिच्यात दडलेल्या आहेत. त्या खुणा वाचून दाखवाव्या एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चित्रकार मांडणी करतो, छायाचित्रकार निवड करतो, असे सामान्यतः म्हटले जाते. पर्वताच्या किंवा देवळाच्या बाबतीत ते खरेही आहे. छायाचित्रकार उभा राहण्याची जागा बदलतो आणि चौकट जुळवितो. पाखराच्या बाबतीत मात्र ही वाटणी टिकत नाही. शिंप्यासारखा पक्षी वजनाने दहा ग्रॅमपेक्षाही कमी. तो एका जागी दोन क्षण ठरत नाही, माणूस पंधरा पावलांवर आला की उडतो, आणि बसतो तोही पानांच्या दाटीत. अशा जीवाची चौकट जुळवावयाची तर दोनच मार्ग उरतात: पाखराच्या मर्जीची वाट पाहावयाची, किंवा पाखराला आपल्या मर्जीत आणावयाचे. पाखरांच्या चित्रांचा सगळा इतिहास म्हणजे या दोन मार्गांमधील ओढाताण होय, असे आमचे मत आहे. आणि चित्र कितीही सुंदर असले तरी ते या दोहोंपैकी कोणत्या मार्गाने आले हे विचारण्याचा वाचकास अधिकार आहे, असेही आम्हांस वाटते.

कॅमेऱ्यापूर्वी हा प्रश्न कसा सोडविला जात असे हे पाहण्यास ऑड्युबॉनचे उदाहरण पुरे आहे. जॉन जेम्स ऑड्युबॉन (१७८५–१८५१) याचा अमेरिकेतील पक्ष्यांवरील चित्रसंग्रह १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच्या पुष्कळशा पुस्तकांतील पक्षी खुंटीवर ठेवलेल्या बाहुल्यांसारखे ताठ दिसत. ऑड्युबॉनचे पक्षी झेप घेतात, भांडतात, पिलांना भरवितात. त्यांचे आकारही त्याने जीवनप्रमाण ठेवले. ही सजीवता त्याने कशी साधली? तो पक्षी मारीत असे, आणि शव ताजे असतानाच चौकडी आखलेल्या फळीवर तारांनी टोचून त्याला हवी ती ऐट देत असे. मग त्या चौकड्यांच्या आधाराने कागदावर चित्र उतरत असे. ऑड्युबॉनला पक्ष्यांविषयी प्रेम नव्हते असे कोणी म्हणणार नाही; परंतु त्याच्या चित्रांतील सर्वांत चैतन्यमय पक्षी मेलेला होता, ही गोष्ट विसरून चालावयाचे नाही. चौकटीवर माणसाची सत्ता याहून पूर्ण असू शकत नाही.

छायाचित्रणाचा शोध लागल्यानंतरही पहिली चाळीसपन्नास वर्षे या बाबतीत फारसा पालट झाला नाही. १८५१ नंतर प्रचारात आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच जागेवरच रसायनांनी तयार करावी लागे, ती ओली असेतोच चित्र घ्यावे लागे, आणि उजेड काही सेकंदपर्यंत आत घ्यावा लागे. जिवंत पाखरू तितका वेळ स्थिर कसे राहणार? वेल्समधील जॉन डिल्विन ल्युएलिन याचे १८५६ मधील ‘पिस्केटर’ नावाचे एक चित्र प्रसिद्ध आहे. पाण्याच्या काठी एक बगळा मासे टिपण्यास उभा आहे. रचना निर्दोष आहे, पाणी शांत आहे; मात्र बगळा पेंढा भरलेला आहे. तार गेली आणि पेंढा आला, इतकाच काय तो फरक.

खरी क्रांती रसायनशाळेतून आली. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढील दहा वर्षांत अशा काचा बाजारात तयार मिळू लागल्या आणि त्यांची प्रकाशग्राहकता इतकी वाढली की सेकंदाच्या अंशमात्र काळात चित्र उमटू लागले. १८८२ मध्ये फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या घाटाचा एक कॅमेरा बनविला. तो खांद्याला लावून उडत्या पक्ष्यावर रोखला म्हणजे एका सेकंदात बारा चित्रे निघत. त्यास पंखांची गती मोजावयाची होती, चित्ररचनेशी कर्तव्य नव्हते. तरी त्या यंत्राचा घाट सूचक आहे. बंदुकीची जागा कॅमेरा घेणार होता, पण बंदुकीची भाषा त्याने टाकली नाही. इंग्रजीत अद्यापही चित्र काढण्याच्या क्रियेला गोळी झाडण्याचेच क्रियापद वापरतात, आणि आमच्याकडील तरुण छायाचित्रकारही ‘आज काय शूट केले?’ असेच एकमेकांस विचारतात.

रानातल्या जिवंत पाखरांच्या चित्रणाचा पाया घालण्याचे श्रेय मुख्यत्वेकरून दोन भावांकडे जाते. रिचर्ड कीर्टन (१८६२–१९२८) आणि चेरी कीर्टन (१८७१–१९४०) हे यॉर्कशायरमधील स्वेलडेल खोऱ्यात थ्वेट नावाच्या खेड्यात वाढले. पक्ष्यांची घरटी धुंडाळण्याचा नाद दोघांनाही होता. त्याच नादात लहानपणी झाडावरून पडून रिचर्ड जन्माचा लंगडा झाला. पुढे दोघेही लंडनमध्ये एका प्रकाशनसंस्थेत नोकरीस लागले. १० एप्रिल १८९२ रोजी चेरीने अंड्यांसह एका कस्तुरकुळातील पक्ष्याच्या घरट्याचे चित्र घेतले. त्या चित्रातून एका ग्रंथाची कल्पना निघाली आणि १८९५ मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष रानात घेतलेल्या छायाचित्रांनी आद्यंत सजविलेले पक्ष्यांवरील पहिले पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुस्तकाच्या पूर्ण नावात घरटी कशी, कोठे व केव्हा शोधावी आणि ओळखावी अशी ग्वाही आहे. यावरून त्या काळचा वाचक कोण होता याचा अंदाज येतो. अंडी गोळा करणे हा त्या वेळी इंग्लंडात शाळकरी मुलांपासून पाद्र्यांपर्यंत सर्वांचा मान्य छंद होता.

या भावांच्या खटपटींची वर्णने वाचताना आजही आश्चर्य वाटते. उंच कुंपणातील घरटे टिपण्यासाठी चेरी भावाच्या खांद्यावर उभा राही आणि कॅमेऱ्याच्या तिवईला लांब काठ्या बांधल्या जात. समुद्रकड्यांवरील घरट्यांसाठी तो दोराने लोंबकळत खाली उतरे. पोकळ झाडाचे सोंग, खडकाचे सोंग, मेंढीचे सोंग असे लपण्याचे नाना प्रकार त्यांनी योजले. सुमारे १९०० मध्ये त्यांनी लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवून त्याच्या पोटात छायाचित्रकार उभा करण्यापर्यंत मजल मारली. येथे एक सूक्ष्म परिवर्तन घडलेले आहे, ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. ल्युएलिनच्या चित्रात बगळ्याच्या कातड्यात पेंढा होता. कीर्टनच्या कारखान्यात बैलाच्या कातड्यात माणूस होता. सोंग पाखराकडून माणसाकडे आले. पाखराला आपल्या चौकटीत ठोकून बसविण्याऐवजी माणसाने स्वतःला पाखराच्या सृष्टीत बेमालूम मिसळून घ्यावे, हा विचार प्रथमच मूर्त झाला.

परंतु हे परिवर्तन अपुरे होते, आणि त्याचे कारण यंत्रात होते. त्या काळच्या भिंगांची पोच अल्प होती. दूरचे जवळ आणणारे भिंग डॉलमायर याने १८९१ मध्येच सिद्ध केले होते हे खरे; पण त्यातून उजेड फार थोडा येई, आणि चंचल पाखराला तो पुरत नसे. म्हणून कॅमेरा पाखरापासून चार-सहा फुटांवर ठेवणे भाग पडे. काचेवर नेमके कोठे लक्ष जुळवावयाचे हेही आधीच ठरवावे लागे, कारण काच चढविल्यावर आत डोकावून पाहण्याची सोय नव्हती. पाखरू नेमके याच ठिकाणी पुन्हा येईल अशी खात्री रानात एकाच जागी असते: घरट्यावर. त्यामुळे लहान पक्ष्यांच्या चित्रणाची पहिली पन्नास वर्षे ही घरट्याची वर्षे झाली. चौकटीच्या मध्यभागी घरटे, काठावर चोचीत अळी धरलेली आई, आणि वर उघडलेल्या तीन-चार चोची, ही रचना इतकी रूढ झाली की सामान्य वाचकाच्या मनात पाखरू म्हणजे घरट्यावरची आई असे समीकरणच बसून गेले. वर्षाचे उरलेले नऊ महिने पाखरू काय करते, कोठे हिंडते, एकटे असताना कसे दिसते, याची नोंद त्या चित्रांत फारशी नाही. काचेच्या मंदपणामुळे एक रचना निर्माण झाली, आणि त्या रचनेतून पक्ष्यांविषयीची एक भावना निर्माण झाली. कला आपले नियम स्वतः करते असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते नियम तिच्या अवजारांनी आधीच करून ठेवलेले असतात.

आणि एकदा घरटे हे चित्राचे केंद्र झाल्यावर ते चांगल्या उजेडात, नीट दिसेल असे असावे, हा मोह ओघानेच आला. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे जीवशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या फ्रान्सिस हेरिक यांनी १९०१ मध्ये पक्ष्यांच्या गृहजीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात निरीक्षणाची व चित्रणाची एक नवी पद्धत सांगितली. पिले काही दिवसांची झाली की घरट्यासकट फांदी कापावयाची, ती जमिनीपासून सोयीच्या उंचीवर, उघड्या उजेडात रोवावयाची, आणि शेजारी तंबू उभारून आत बसावयाचे. या सुमारास आईबापांची ओढ इतकी बळकट झालेली असते की ती घरट्यामागोमाग येतात, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि पुष्कळ वेळा ती आलीही. हेरिक हे क्रूर गृहस्थ नव्हते. पिलांना ऊन लागू नये म्हणून काळजी घेण्याविषयी ते लिहितात, आणि त्यांनी केलेली निरीक्षणे शास्त्राच्या उपयोगी पडली. तरीही या पद्धतीकडे पाहताना आम्हांस ऑड्युबॉनच्या तारांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. येथे तार दिसत नाही, कारण ती आईच्या मायेची आहे.

हे लिहिताना आम्ही दुसऱ्याच्या दोषांवर बोट ठेवीत आहो असे वाचकांनी समजू नये. १९९३ च्या पावसाळ्यात आम्ही तेवीस वर्षांचे होतो आणि एका स्नेह्याकडून उसना घेतलेला कॅमेरा आमच्या हाती होता. घराच्या परसात बदामाच्या रोपट्यावर शिंप्याने दोन पाने शिवून घरटे केले होते आणि आत तीन पिले होती. घरट्यावर इतर पानांची झाक असल्यामुळे चित्र स्वच्छ येईना. आम्ही दोन पाने खुडली, तीन सुतळीने मागे बांधली, आणि खिडकीच्या पडद्याआड बसून तासाभरात मनाजोगे चित्र मिळविले. संध्याकाळी पाऊस लागला म्हणून सुतळी सोडावयास गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. आईबाप कुंपणावरून तारस्वराने ओरडत होते. त्यांचा आवाज एवढ्याशा देहाच्या मानाने किती मोठा असतो हे ज्यांनी ऐकले आहे त्यांस सांगावयास नको. पिले कावळ्याने नेली की भारद्वाजाने, हे आम्ही पाहिले नाही. पण वाट कोणी मोकळी केली हे आम्हांस ठाऊक आहे. ते चित्र पुढे एका प्रदर्शनात लागले, आणि त्याच्या स्वच्छ रचनेची परीक्षकांनी वाखाणणी केली. खुडलेली पाने चौकटीत नव्हती, म्हणून ती कोणास दिसली नाहीत.

याच काळाच्या इतिहासात दुसऱ्या मार्गाचीही उदाहरणे आहेत. एम्मा टर्नर (१८६७–१९४०) ही विदुषी १९०० मध्ये रिचर्ड कीर्टनच्या परिचयाने छायाचित्रणाकडे वळली. इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक प्रांतात गोड्या पाण्याची विस्तीर्ण तळी आणि लव्हाळ्यांची बेटे आहेत. तेथे हिकलिंगच्या तळ्यावर तिने एका नावेतच संसार थाटला. त्या नावेला तिने एका लाजाळू पाणपक्ष्याचे नाव दिले होते. ऋतूमागून ऋतू ती तेथे राहिली. १९११ मध्ये तिने लव्हाळ्यातील बिटर्न नावाच्या बगळ्याच्या पिलाचे चित्र घेतले. हा पक्षी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात वीण करण्यापुरता नामशेष झाला होता. तो परत आल्याचा पुरावा त्या चित्राने दिला. टर्नरची पद्धत आम्हांस विशेष मननीय वाटते ती यासाठी, की तिने पाखराजवळ जाण्याचा प्रश्न जागेच्या अंतराने न सोडविता काळाच्या लांबीने सोडविला. आपण तेथलेच होऊन जावे, म्हणजे पाखरू आपणांस मोजीनासे होते.

या क्षेत्रात पुढे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले तो एरिक हॉस्किंग (१९०९–१९९१). १९३७ मध्ये वेल्समध्ये घरट्यावरील घुबडाचे चित्रण करण्याकरिता रात्री लपणाकडे जात असता घुबडाने झडप घातली आणि त्याचा डावा डोळा कायमचा गेला. तरीही पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्याने हेच काम केले, आणि आपल्या आत्मचरित्रास ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ असे मार्मिक नाव दिले. त्या घुबडाला लपण, भिंग, कलादृष्टी यांतील काहीच कळत नव्हते. आपल्या पिलांकडे अंधारात कोणी येत आहे एवढेच त्याने पाहिले. घरट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाविषयी पक्ष्याचे मत काय असते, याचा इतका रोकडा दाखला दुसरा नाही.

हॉस्किंगचे ऐतिहासिक महत्त्व दुसऱ्या कारणासाठी आहे. विजेच्या झगमगाटाने क्षण गोठविण्याचे तंत्र अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या दशकात सिद्ध केले होते आणि त्याने गुंजन करणाऱ्या पक्ष्यांचे पंख हवेत थांबवून दाखविले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉस्किंगने हे तंत्र इंग्लंडच्या रानात नेले. आता घरट्याच्या काठावर बसलेले पाखरूच नव्हे, तर घरट्याकडे झेपावणारे पाखरूही चौकटीत येऊ लागले. तरीही घरटे सुटले नव्हते. पाखरू कोणत्या वाटेने येणार हे ठाऊक असल्यावाचून झगमगाट लावावयाचा कोठे?

आमच्या देशात या विद्येचा प्रवेश मुंबईच्या मार्गाने झाला असे म्हणण्यास हरकत नाही. १८८३ मध्ये स्थापन झालेली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ आणि तिचे नियतकालिक यांनी निरीक्षणाची परंपरा निर्माण केली. सलीम अली (१८९६–१९८७) यांनी १९३० मध्ये अलिबागेजवळील किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचा जो अभ्यास केला त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे, जरी तो छायाचित्रणाचा विषय नव्हे. महिनोगणती लपणात बसून त्यांनी असे दाखविले की, नर घरटे अर्धेमुर्धे विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मग तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे विणावयास घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. आमच्या कवितांतून आणि म्हणींतून सुगरण ही गृहकृत्यदक्ष मादी म्हणून शतकानुशतके नांदत होती. विणकर नर आहे हे शांतपणे बसून पाहिल्यावरच निःसंशय ठरले. चांगले लपण हे चित्र मिळविण्याचे साधन असते, तसेच आपली पूर्वग्रहाची चौकट मोडण्याचेही असते.

१९४९ मध्ये ई. एच. एन. लोथर यांचे ‘ए बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो (१९१५–१९६४) हे युद्धकाळात मुंबईस आले असता सलीम अलींच्या स्नेहात पडले. त्यांच्या सहवासात छायाचित्रणाचा त्यांचा नाद वाढीस लागला, आणि उंच झाडांवरील घरट्यांच्या बरोबरीने मचाणे उभारून त्यांनी काढलेली चित्रे १९५७ च्या ‘ए कंपनी ऑफ बर्ड्स’ या ग्रंथात आली. या दोघांच्याही कामाचा मोठा भाग घरट्यावरचाच होता. ती त्या काळाची मर्यादा होती, आणि त्या मर्यादेत त्यांनी उत्तम काम केले.

घरट्यापासून सुटका झाली ती १९६० नंतर हळूहळू. एकाच भिंगातून पाहणे आणि चित्र घेणे ज्यांत साधते असे हलके कॅमेरे, लांब पल्ल्याची तेजस्वी भिंगे आणि शीघ्रग्राही फिल्म यांचा योग जुळून आला. १९८५ पासून लक्ष आपोआप जुळविणारे कॅमेरे प्रचारात आले. २००० नंतर फिल्म गेली, आणि २०२० नंतरचे काही कॅमेरे तर पानांच्या गर्दीत पाखराचा डोळा स्वतः हुडकून सेकंदाला वीस-तीस चित्रे घेतात. आता तीस-चाळीस फुटांवरून चष्मेवाला, फुलटोचा, वटवट्या यांसारखे मुठीत मावणारे पक्षी कोणत्याही ऋतूत, कोणत्याही फांदीवर टिपता येऊ लागले. ज्या रचनेचे वर्णन आम्ही आरंभी केले ती या काळाची निर्मिती आहे. लांब भिंगाचे तोंड पूर्ण उघडे ठेवले म्हणजे पाखराच्या पुढेमागे थोड्याच इंचांपर्यंतचे स्पष्ट दिसते आणि दूरचे सर्व काही रंगाच्या धुक्यात विरून जाते. पाखरू वरच्या फांदीवर असेल तर त्याचे पोटच दिसते. म्हणून छायाचित्रकार चढावर उभा राहतो किंवा जमिनीवर पालथा पडतो आणि पाखराच्या डोळ्याशी आपला डोळा समपातळीत आणतो. त्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नसेल तर जिवंत पाखरूही पेंढा भरल्यासारखे दिसते. आणि ज्या बाजूस पाखराचे तोंड त्या बाजूस जागा मोकळी ठेवावी लागते, नाहीतर ते भिंतीवर आपटणार असे वाटते. पाखरू कोणत्याही क्षणी जाऊ शकते, आणि त्याने कोठे जावे यासाठी आपण जागा सोडली आहे, अशी कबुली त्या रिकाम्या जागेत असते. निदान असावयास पाहिजे.

‘असावयास पाहिजे’ असे म्हणण्याचे कारण आता सांगतो. हिरव्या धुक्यातील डहाळीचे चित्र इतके लोकप्रिय झाले की ते रानात आपोआप मिळण्याची वाट पाहणे पुष्कळांस अवघड वाटू लागले. मग पाणवठ्याशी लपण बांधावयाचे, समोर पाण्याचे भांडे ठेवावयाचे, त्याच्या काठावर शेवाळाने मढलेली एक देखणी काटकी नेमक्या अंतरावर रोवावयाची, आणि पाण्याला येणारे पाखरू आधी त्या काटकीवर टेकेल अशी योजना करावयाची. उन्हाळ्यात पाणी ठेवण्यात पाखराचे हितच आहे, म्हणून या प्रकारास आम्ही सरसकट दोष देत नाही. परंतु हेरिकने घरट्याची फांदी कापून उजेडात आणली आणि आपण काटकी कापून उजेडात रोवतो, यांतील नाते ओळखावे. याहून पुढची पायरी म्हणजे नराचा ध्वनिमुद्रित आवाज विणीच्या दिवसांत वाजविणे. आपल्या हद्दीत परका नर शिरला या समजुतीने खरा नर धावून येतो, समोरच्या काटकीवर बसतो, छाती फुगवून गातो, आणि चित्र अप्रतिम येते. ज्याला आपण गाणे समजतो ती त्याची धास्ती असते. ऑड्युबॉनची तार येथे ध्वनीची झाली आहे.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. इंग्लंडात १९५४ च्या कायद्याने रानपक्ष्यांची अंडी गोळा करण्यास सामान्यतः बंदी झाली, आणि १९८१ च्या कायद्याप्रमाणे दुर्मिळ म्हणून नोंदलेल्या पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास होईल असे चित्रण परवान्यावाचून करता येत नाही. आमच्याकडील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश केलेला आहे. हे वाचले तेव्हा १९९३ ची सुतळी आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आम्ही आपणांस कलावंत समजत होतो. कायद्याच्या भाषेत त्या कृत्याचे नाव निराळेच होते. अलीकडे पुष्कळ संपादक व स्पर्धांचे संयोजक घरट्यावरची चित्रे मुळीच स्वीकारीत नाहीत. पन्नास वर्षे जी रचना या कलेचा मानबिंदू होती ती त्याज्य ठरावी, हा अभिरुचीतील बदल लहान नव्हे.

तथापि जुन्या लोकांना आजच्या तराजूत घालताना न्यायबुद्धी सोडू नये. कीर्टनबंधूंच्या काळी पक्ष्यावर प्रेम करण्याची मान्य रीत म्हणजे तो मारून कपाटात ठेवणे किंवा त्याची अंडी पेटीत जमविणे ही होती; स्त्रियांच्या टोप्यांसाठी पिसांचा व्यापार तेजीत होता, आणि त्याविरुद्ध इंग्लंडात १८८९ मध्ये संस्था स्थापावी लागली होती. अशा वेळी घरट्यातील पाखरू जिवंत ठेवून घरी नेता येते, हे त्यांनी लोकांस दाखविले. त्या चित्रांवर वाढलेल्या पिढीनेच पुढे अंड्यांच्या पेट्या बंद करविल्या. एका काळचा सौम्यपणा दुसऱ्या काळी उपद्रव ठरतो, आणि तसा तो ठरावा यातच प्रगती आहे. आमच्या आजच्या निर्दोष वाटणाऱ्या रिवाजांवर पुढची पिढी काय निर्णय देईल हे तिचे तीच जाणे. त्या निर्णयाची जाणीव ठेवून वागणे एवढे आपल्या हाती आहे.

रचनेच्या दृष्टीनेही आजच्या रूढ चौकटीत एक उणीव आहे. हिरवे धुके सुंदर असते, पण ते सर्व रानांचे सारखेच असते. कोकणातील फुलटोचा आणि विदर्भातील फुलटोचा त्या धुक्यात एकाच गावचे रहिवासी होतात. तो कोणत्या बांडगुळावर जगतो, वटवट्या कोणत्या गवतात लपतो, शिंपी कोणत्या पानांवर भिस्त ठेवतो, हे सारे आपण ‘स्वच्छ रचने’च्या नावाखाली पुसून टाकतो. घरट्याच्या युगातील चित्रांत पाखराचे स्वातंत्र्य नव्हते, पण त्याचे घर होते. आजच्या चित्रांत स्वातंत्र्य आहे, घर नाही. रान झपाट्याने कमी होत असताना पाखरू मात्र रानावाचून सुंदर दिसते अशी सवय डोळ्यांस लागणे आम्हांस हितावह वाटत नाही. चौकटीत पाखरू लहान राहिले तरी चालेल. त्याच्याभोवतीची पाने, काटे, वाळकी काडी, पाठीमागचा बांध यांना जागा मिळावी. त्यासाठी तरबेज डोळा लागतो, कारण गर्दीतून रचना शोधणे हे रिकाम्या धुक्यापुढे रचना करण्याहून कठीण आहे.

आमच्या टेबलाच्या खणात ते १९९३ चे चित्र अजून आहे. गेल्या श्रावणात महाविद्यालयाच्या आवारातील जास्वंदीपाशी आम्ही दुसरे एक घेतले. त्यात शिंपी नीट दिसतही नाही: अर्धे अंग पानाआड, शेपटी तेवढी वर, आणि डोळा एका फटीतून बाहेर पाहणारा. पान मध्ये येते हे आम्हांस दिसत होते. आम्ही पाऊण तास उभे राहिलो, तो काही पुढे आला नाही. मग तास भरला आणि आम्ही वर्गात गेलो. दोन्ही चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवून कोणते चांगले असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी पहिल्याकडे बोट दाखविले. त्यांचे चुकले असे आम्ही म्हटले नाही. त्या दोन खुडलेल्या पानांची हकीकत मात्र त्यांस सांगितली, आणि पुन्हा एकवार पाहावयास सांगितले.